डाव्याचं डोकं वाळूत

३ जून

सौ. धाकट्या बहिणीस,

हे पत्र तुझ्या शिवणाच्या मशीनबद्दल आहे, उगाच दुसरा अर्थ काढू नकोस. तू गेल्यापासून ते माझ्या बैठकीच्या खोलीत खिडकीखाली ठाण मांडून बसलंय. त्याच्यावर आईची औषधं, माझा चष्मा, इस्त्रीचे कपडे आणि शेजारणीचं मांजर एवढा संसार असतो. न्यायचं असेल तर ने, कुणाला द्यायचं असेल तर तसं कळव. मला जागा लागते.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्येच बोलायची सोय नाही. जन्मात पहिल्यांदा मी बोलणार आणि तू मुकाट ऐकणार. कसं वाटतंय?

आई बरी आहे. कान अजून गेलेत, पण तिच्याविषयी काही बोललं की तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. टीव्ही इतक्या मोठ्यानं लावते की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी स्वतःचा लावणं सोडून दिलंय.

आणि हो, दुमान्या अजून चालू आहे. विसरली असशील म्हणून आठवण करून देते: दुमान्या म्हणजे कार्टूनमधला तो दोन मानांचा शहामृग. त्याच्या उजव्या डोक्याला मी आवाज देते आणि डाव्या डोक्याला तू द्यायचीस. पहिल्या सीझनला सगळं किती सरळ होतं गं! राणीचा बूट ढगात हरवला की दुमान्या शोधायला निघायचा. उजव्या ओरडायचा ‘इकडे!’, डाव्या ओरडायचा ‘तिकडे!’, पाय बिचारे गोंधळायचे आणि स्वारी खड्ड्यात. पोरं हसून लोळायची.

आता काही विचारू नकोस. मागच्या भागात उजव्या आपल्या सावलीला विचारतो, ‘आपल्या दोघांत आधी कोण आलं?’ सावली विचारात पडते आणि भाग संपतो. संपतो म्हणजे खरंच संपतो! मी आपल्या चष्मिषला म्हटलं, “अरे बाबा, पुढे?” दिग्दर्शक झाला म्हणून काय झालं, मी त्याला अरेतुरेच करणार. तर तो म्हणतो, “पुढे काही नाही ताई. पुढे प्रेक्षकांनी बघायचं.” मी कपाळाला हात लावला.

मशीनचं कळव.

ताई

ता. क. डाव्याचं डोकं अजून वाळूतच आहे.


२१ जून

धाकटे,

उत्तर नाही. म्हणजे पत्र मिळालं.

तरी मी लिहिणार. कालच मला कुणीतरी विचारलं, तुम्हा बहिणींचं नेमकं बिनसलं कशावरून? मी सांगितलं, तसं मोठं काहीच नाही. हिच्या नवऱ्याची बदली झाली. ही म्हणाली, मी तिकडून आवाज भरून पाठवीन, हल्ली सगळेच पाठवतात. मी म्हटलं, माना दोन असल्या तरी दुमान्याचं पोट एकच आहे, तो एकाच माइकवर बोलणार, खांद्याला खांदा लावून. ही म्हणाली, “मग बोल एकटी.” मी म्हटलं, “बोलेन.” मग तू ताडकन उठलीस आणि दार आपटून निघालीस. पण ते रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार! कितीही आपटा, ‘फुस्स’ करून हळूच मिटतं. कानसेनला तेव्हा हसू आलं म्हणून तू त्याच्यावरही चिडलीस. आपला रेकॉर्डिंगवाला बिचारा, त्याला काय ठाऊक की ती ‘फुस्स’ तीन वर्षं पुरणार आहे.

माझं मत अजून तेच आहे, सांगून ठेवते.

तुला पुढचं माहीत नसेल. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं आणि डाव्याला आवाज नाही. चष्मिष नखं खात बसला. मग एकदम म्हणाला, “शहामृगच आहे ना? घालू या त्याचं डोकं वाळूत. रुसलाय म्हणू. दोन भागांत येईल बाहेर.” तू काही आली नाहीस. पोरांची पत्रं यायला लागली की डाव्या खाली काय करतोय. आता काहीतरी दाखवायला नको? मग एक अख्खा भाग वाळूच्या आत झाला. पडदा काळाकुट्ट, नुसता कणांचा आवाज. कानसेननं त्यासाठी स्टीलच्या ताटात मीठ ओतलं, पुन्हा गोळा केलं, पुन्हा ओतलं. नंतर तेच मीठ कुणीतरी भाजीत घातलं, ती गोष्ट वेगळी. मग पेन्सिलीनं काढलेला भाग आला, मग उलटा चालणारा भाग आला, मग उजव्या एकटाच टेकडीवर उभा राहून विचारतो, ‘मी अर्धा आहे की पूर्ण?’

आणि पेपरात काय छापून आलं सांगू? ‘मुलांची मालिका प्रगल्भ झाली.’ चष्मिषनं ते कापून भिंतीला चिकटवलंय. आता तोही मान तिरकी करून बोलतो. मी काही बोलत नाही. पण धाकटे, मालिकेचं प्रगल्भबिगल्भ काही झालेलं नाही. तू निघून गेलीस, एवढंच झालं.

आई दर भागाला विचारते, “ते दुसरं डोकं अजून रुसलंय का?” मी म्हटलं, हो. तर म्हणते, “ओढून काढू नका. मान दुखेल त्याची. भूक लागली की येईल आपलं आपण.”

इथे भरपूर जेवण असतं, असं मी सहज कळवते.

ताई


१० जुलै

धाकटे,

आज एक फजिती सांगते. हसायचं असेल तर हस, मी बघायला नाहीये.

मागच्या आठवड्यात कानसेननं मला आत बोलावलं आणि म्हणाला, “ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?” असं कुणी म्हटलं की मी आधीच रागावून ठेवते. तो म्हणाला, “तुम्ही दोन वाक्यांच्या मध्ये अजून थांबता.” मी म्हटलं, माणूस श्वास घेणार की नाही? तो म्हणाला, “श्वास नाही. ऐका.” आणि त्यानं लावून दाखवलं.

खरंच गं. उजव्या म्हणतो, ‘मला वाटतं आपण डोंगरावर जावं,’ आणि गप्प. मग म्हणतो, ‘बरं, नको डोंगर.’ मधे कुणीच काही बोललेलं नाही! पण मी थांबलेय. जेवढ्या वेळात तू ‘डोंगर चढायला पाय माझे आणि हवा खायला तू’ म्हणाली असतीस, बरोबर तेवढा वेळ. मला पत्ता नाही. तू मध्ये तोंड घालणार म्हणून मी इतकी वर्षं जागा ठेवत आले, ती सवय गेलीच नाही. कानसेन म्हणाला, सुरुवातीला त्यानं त्या जागा कापून टाकल्या होत्या. ऐकायला इतकं विचित्र लागलं की पुन्हा जोडल्या. मग चित्रवाल्यांनी त्या प्रत्येक जागी उजव्याला खाली वाळूकडे बघायला लावलं. बोलतो, वाळूकडे बघतो, पुन्हा बोलतो. आणि लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडतं!

फजिती पुढेच आहे. एका कॉलेजात आमचा कार्यक्रम होता. खुर्च्या भरलेल्या, मोठमोठी पोरं, लहानपणी दुमान्या बघितलेली, आता दाढ्या आलेल्या. चष्मिष आणि मी स्टेजवर. एका मुलीनं उभं राहून मला विचारलं, “त्या शांततेत तुम्हाला काय ऐकू येतं?” मी आपलं खरं ते सांगितलं. म्हटलं, “माझी बहीण.”

अगं, टाळ्या! थांबेचनात! त्यांना वाटलं मी काहीतरी फार खोल बोलले. एक जण तर वहीत लिहून घेत होता. मला त्यांना सांगायचं होतं की अरे बाबांनो, खरीच बहीण आहे, उंचीनं माझ्या खांद्याएवढी, जेवताना बोलते, रस्त्यानं बोलते, झोपेतसुद्धा बोलते. पण त्या टाळ्यांत कोण ऐकणार? मी नुसतं पाणी प्यायले. त्यावरही टाळ्या.

आता मुद्द्याचं. मालिका संपतेय. एकच भाग उरलाय, शेवटचा. त्यात डाव्याचं काय ते ठरवायचं आहे. चष्मिषकडे दोन गोष्टी लिहून तयार आहेत: एकीत डोकं बाहेर येतं, दुसरीत ते कायमचं वाळूतच राहतं आणि उजव्या त्याच्यावर एक झाड लावतो. ऑगस्ट संपायच्या आत काय ते ठरलं पाहिजे, चित्रवाले खोळंबलेत.

डाव्यासाठी एक नवी मुलगी आणून बघितली. गोड पोरगी, तुझी नक्कल हुबेहूब करते, मी दचकलेच. पण तिला शिस्त फार. माझं वाक्य संपेपर्यंत ती हात बांधून थांबते! डाव्यानं कधी कुणाचं वाक्य संपू दिलंय? ती थांबायची, मी थांबायची, आणि मध्ये कानसेन कपाळ बडवायचा. शेवटी तीच म्हणाली, “ताई, हे मला नाही जमणार, तुम्ही कुणाची तरी वाट बघताय.”

म्हणजे आता तू, नाहीतर झाड.

तू ये असं मी म्हणत नाहीये. मशीनचं काय ते कळव.

ताई


२ ऑगस्ट

धाकटे, धाकटे, धाकटे!

पकडली! लबाड!

काल तुझ्या नवऱ्यानं आईला फोन केला होता. आईला ऐकू येत नाही म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता, आणि मी तिथेच मशीनवरच्या मांजराला हाकलत होते. आई म्हणाली, “आमची ती बरी आहे ना?” मेहुणे म्हणाले, “बरी आहे, पण दुमान्या लागला की काही खरं नाही. टीव्हीसमोर बसते आणि ताई थांबल्या रे थांबल्या की त्यांना उलट उत्तरं देते. प्रत्येक वेळी. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आमच्याकडे पाहुणे आलेत आणि भांडणं चाललीत.”

मी तिथेच बसले, मांजर थोडक्यात वाचलं.

म्हणजे मी इथे जागा सोडतेय आणि तू तिथे ती भरतेयस! मध्ये एवढं अंतर, आणि दोघीही तोऱ्यात! मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. आई म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “डोकं वाळूत आहे, पण जीभ बाहेर आहे.” तिला ऐकू आलं नाही. पण हसली. मला वाटतं, तिला हे सगळं आधीच माहीत होतं.

मला काल रात्रीपासून एकच गोष्ट छळतेय. त्या सावलीच्या भागात उजव्या विचारतो ना, ‘आपल्या दोघांत आधी कोण आलं?’ तिथे तू काय म्हणालीस? सांग ना! शपथ सांगते, माझा जीव अडकलाय त्या उत्तरात. ही बघ, इथे तुझ्यासाठी जागा सोडली.

…………………………………………

आता सरळच बोलते, आढेवेढे पुरे झाले. मला तू हवी आहेस. दुमान्यासाठी हवी आहेस आणि दुमान्या नसता तरी हवी होतीस. मला एकटीला बोलायचा कंटाळा आलाय. सगळे माझं ऐकून घेतात गं, माना डोलावतात! किती भयंकर असतं ते तुला नाही कळायचं.

तिकडूनच पाठवायचं असेल तर तिकडून पाठव. एक माइक की दोन माइक, काय वाटेल ते कर. माझं मत आहे तेच आहे, पण नुसतं मत घेऊन काय करू? शेवटच्या भागात उजव्याशेजारी माझं मत उभं करू?

झाड लावू देऊ नकोस.

ताई


२६ ऑगस्ट

धाकटे,

मला एक ओळ नाही आणि कानसेनला अख्खं रेकॉर्डिंग! वा गं वा! सख्खी मी आणि पत्ता त्याचा.

सकाळी त्यानं मला फोन केला, “ताई, असाल तशा या.” मी तशीच गेले, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात आईची. चष्मिष आधीच येऊन बसला होता. कानसेननं जुने भाग लावले आणि तुझा आवाज त्यांच्याखाली सोडला.

उजव्या म्हणतो, ‘आपल्या दोघांत आधी कोण आलं?’ आणि वाळूतून तू: ‘जो आधी येतो तो असले प्रश्न विचारत नाही, जेवायला बसतो.’

उजव्या म्हणतो, ‘मी अर्धा आहे की पूर्ण?’ आणि तू: ‘दीडशहाणा आहेस.’

मी इतकी हसले की कानसेननं मला बाहेर काढायची धमकी दिली. तीन सीझनची उत्तरं गं! एकही भाग सोडला नाहीस. आणि मागे ते टिंग टिंग काय वाजतंय? कपाटात बसून बोललीस ना? हँगर वाजतात. कपड्यांत तोंड खुपसून आवाज भरलास, म्हणजे तूही डोकं घालायला वाळूच शोधलीस.

आणि खरी गंमत कानसेननं सांगितली. त्याला काही सरकवावं लागलं नाही. एकही उत्तर मागे-पुढे करावं लागलं नाही, जिथे टाकलं तिथे बसलं. तुला वाटेल, बघ, लांबूनही जमतं, ताई हरली. हरले तर हरले. पण जागा कुणी ठेवली होती?

चष्मिषनं पिशवीतून कागद काढले. मग त्यानं दोन्ही गोष्टी टराटरा फाडल्या, झाडाचीसुद्धा. म्हणाला, “हाच शेवटचा भाग. तेच जुने प्रसंग पुन्हा दाखवायचे, फक्त आता वाळूखालचं ऐकू येतंय. तो गप्प नव्हताच. सगळ्याला उत्तरं देत होता, वर पोचत नव्हती.” एरवी त्याचं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं. हे सरळ आत गेलं. मी मान फिरवून भिंतीवरचा फोम मोजल्यासारखं केलं.

रेकॉर्डिंगच्या शेवटी तू जे बोललीस तेही त्यानं ऐकवलं. “शेवटी डोकं बाहेर येईल तेव्हाचं वाक्य दोघांचं असणार. ते कपाटातून नाही व्हायचं. ताईला सांगा, मी येते. पण मी हरले असं समजू नका.”

मी म्हणते तिकडून पाठव, तर तू म्हणतेस मी येते! जन्मात एक गोष्ट माझ्या मतानं करशील तर शपथ!

ये. लवकर ये. मशीनवरचे कपडे मी आजच उचलते.

ताई


१४ सप्टेंबर

धाकटे,

तू स्वयंपाकघरात आईशी बोलतेयस आणि मी इथे मशीनवर कागद ठेवून तुलाच पत्र लिहितेय. आई म्हणेल, डोकं फिरलं हिचं. पण परवा तू परत जाशील. घरी पोचल्यावर दारात काहीतरी पडलेलं असावं म्हणून आजच टाकते. आणि कालचं सगळं लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्या खोलीत आपण पुन्हा उभ्या राहिलो, मध्ये तोच माइक. खुडबुड नको म्हणून बांगड्या काढून ठेवल्या, कागद टॉवेलवर ठेवले. तुझ्या केसांना दुसऱ्याच तेलाचा वास येत होता, तेवढ्यानं मला कसंतरीच झालं. चष्मिषनं बजावलं होतं: वाळूतून डोकं बाहेर येतं, समोर रस्ता दोन दिशांना फुटतो, आणि दोघं एका श्वासात एकच शब्द म्हणतात, ‘चल!’ त्याला फार हौस होती, इतक्या वर्षांनी दोन डोकी एकमतानं काहीतरी म्हणणार. हात जोडून म्हणाला, “फक्त एक शब्द. एकदम म्हणा. भांडू नका.”

कानसेननं बोट वर केलं. आपण दोघींनी श्वास घेतला.

आणि मी म्हटलं, ‘तिकडे!’

आणि तू म्हणालीस, ‘इकडे!’

‘चल’ कुठल्या कुठे! आणि तेही उलटंच! जन्मभर ‘इकडे’ माझं आणि ‘तिकडे’ तुझं. मी मनात म्हटलं होतं, एवढ्या लांबून आलीय, एकदा हिच्या वाटेनं जाऊ. आणि तू मेली नेमका तोच विचार करून माझ्या वाटेला निघालीस! काचेपलीकडे कानसेन खुर्चीवरून घसरला. चष्मिष चष्मा काढून पुसत होता, कितीतरी वेळ पुसत होता. मग म्हणाला, “पुन्हा घ्यायचं नाही. हेच राहू दे.” म्हणजे शेवटच्या भागात दुमान्याचे पाय पुन्हा गोंधळणार आणि स्वारी पुन्हा खड्ड्यात. पेपरवाले याच्यावर काय काय लिहितील, देव जाणे. लिहू देत.

आपण निघालो तेव्हा तू ते दार मुद्दाम आपटलंस. फुस्स! किती हसलो गं दोघी जिन्यात.

आता तेवढं मशीनचं सांगून टाक. पहिल्या पत्रापासून विचारतेय, आणि तू ताकास तूर लावू देत नाहीस. न्यायचं असेल तर आजच गाडी सांगते, कारण खरंच गं, मला जागा


मी बोलत राहिले, चहा उतू गेला, म्हणून ताई धावली, वाक्य अर्धंच टाकून. पुढचं मी लिहिते, तिची धाकटी. पत्रात मध्येच बोलता येत नाही म्हणे! हे काय चाललंय मग?

जागा लागते म्हणे हिला. माझ्या एकेका उत्तराची जागा तीन वर्षं राखून बसली, आणि हिला जागा लागते.

मशीन कुठे जाणार नाही. राहू दे तिथेच, खिडकीखाली. मांजराला सांग, मालकीण येऊन-जाऊन असते.